चौदावा गडी

आमच्या संघात अकरा जण कोण खेळणार, हे ठरवायला आम्हाला कधीच वेळ लागला नाही. जे धडधाकट आहेत, ज्यांना शुक्रवारी सकाळची ड्युटी नाही आणि ज्यांना मैदानापर्यंत आणायला कुणाची तरी गाडी आहे, ते अकरा. भांडण व्हायचं ते राखीव गड्यांवरून. बारावा कोण, तेरावा कोण, सीमारेषेवर पळायचा दम कुणात उरलाय, यावरून तीन पोक्त, संसारी माणसं अशी हमरीतुमरीवर यायची की बाहेरच्याला वाटावं, जमिनीची वाटणी चाललीय.

ही बैठक दर गुरुवारी संध्याकाळी कुवेतच्या अम्गऱ्यात, कप्तानाच्या यार्डात भरायची. कप्तान मूळचे श्रीवर्धनकडचे, जुन्या गाड्या फोडून त्यांचे सुटे भाग विकायचा त्यांचा धंदा. त्यामुळे बसायला खुर्च्या नसायच्या, गाड्यांमधून काढलेल्या सीटा असायच्या. मी आणि डॉक्टर एका मोठ्या गाडीच्या मागच्या सीटवर बसायचो, आणि कप्तान समोर ड्रायव्हरच्या सीटवर, पट्ट्यासकट. डॉक्टर म्हणजे दातांचे डॉक्टर, पुण्याचे, महबूल्यात बायकोमुलीसह राहणारे. मी एका हॉस्पिटलात एक्स-रे काढतो. घर नगरला, बायको-मुलं तिकडेच, म्हणून कुवेतच्या भाषेत मी बॅचलर. पन्नाशीला आलेला, दोन मुलांचा बाप असलेला बॅचलर.

स्पर्धेचा नियम साधा होता. गुरुवारी रात्रीच्या आत चौदा नावं आयोजकांना कळवायची. त्या चौदांपलीकडच्या माणसाने मैदानात पाऊल टाकायचं नाही. आणि मैदान म्हणजे तरी काय, तर महबूल्यामागचं उघडं रान. मध्ये सिमेंटची पट्टी, तिच्यावर चटई आणि चहूबाजूंनी कडक वाळू. त्या वाळूवर चेंडू कधी सुसाट जातो, कधी मध्येच मेल्यासारखा थांबतो. सूर मारला तर कोपरं सोलून निघतात. म्हणून सीमारेषेवर राखायला पाय आणि खांदा दोन्ही मजबूत असलेली माणसं लागतात, आणि तशी माणसं आमच्यात दर वर्षी कमी होत चालली होती. कुणी कॅनडाला गेलं, कुणाला कंपनीने नारळ दिला, कुणाचे गुडघे गेले. एकेकाळी बाहेर बसवलेले लोक आमच्याशी आठवडाभर बोलायचे नाहीत. आता बाहेर बसवायलाच माणूस शोधावा लागत होता. तरी भांडायचो आम्ही तितकंच.

बारावा म्हणून गावी पैसे पाठवायच्या एका एक्स्चेंजमधला कॅशियर असे. कॅच घ्यायचा, पण त्याला पळवायचं तर विनवण्या कराव्या लागत. तेरावे खुद्द डॉक्टर. ते स्वतःच्या निवडीवरही आक्षेप घ्यायचे. खरं तर डॉक्टरांना कशावरही फाटे फोडायचे असत. मी कॅशियर म्हटलं की ते म्हणणार त्याला उन्हाचा चष्मा लावून चेंडू दिसत नाही. मी म्हटलं, बरं, नको कॅशियर, तर म्हणणार, अहो, पण त्याच्याइतके सुरक्षित हात आहेत कुणाचे. मी चिडायचो. कप्तान हसायचे आणि आणखी चहा मागवायचे.

चौदावी जागा मात्र चर्चेच्या बाहेरची. ती आमच्या संघाची जुनी रीत होती. जो गावी रजेवर गेलाय, त्याचं नाव चौदावं. तो नसताना त्याची जागा दुसऱ्याला द्यायची नाही. कुवेतमध्ये रजेवर गेलेल्या माणसाची जागा जाणं म्हणजे काय, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. दीड महिना गावी काढून परत आलं आणि आपल्या टेबलावर दुसराच कुणी बसलेला दिसला, असं झालेली माणसं आमच्या ओळखीची होती. निदान आपल्या संघात तरी असं होणार नाही, एवढीच त्या रीतीमागची भावना. एरवी दोन महिन्यांत माणूस परत यायचा, बॅगेतून चकल्या काढायचा आणि शुक्रवारी हजर व्हायचा.

त्या वर्षी चौदावा होता माझा पार्टनर. खैतानच्या खोलीत अकरा वर्षं माझ्या समोरच्या कॉटवर झोपणारा. लातूरकडचा, माझ्याच हॉस्पिटलात डायलिसिसचा टेक्निशियन, बोलायला कमी, घोरायला भरपूर. गोलंदाजाच्या पाठीमागे, पार सीमारेषेवर, लाँग ऑनला तो उभा राहायचा. तिथून त्याने केलेली फेक एका टप्प्यात माझ्या ग्लोव्हजमध्ये यायची. अकरा वर्षं मी यष्टीमागे आणि तो समोरच्या टोकाला. मधलं सगळं मैदान आम्हाला दोघांनाच कळायचं, असं मला वाटे.

तो जूनमध्ये रजेवर गेला. ऑगस्टमध्ये त्याच्या कंपनीचं हॉस्पिटलचं कंत्राट संपलं आणि ते दुसऱ्या कंपनीला गेलं. जे कामावर हजर होते त्यांना नव्या कंपनीने घेतलं. जे रजेवर होते त्यांना सांगितलं, थांबा, कळवतो. तो थांबला. देशाबाहेर सहा महिने झाले की इकामा, तिथे राहायचा परवाना, आपोआप बाद होतो, म्हणजे डिसेंबरपर्यंत मुदत होती. मी त्या नव्या कंपनीच्या ऑफिसात इतक्या वेळा गेलो की तिथला मिसरी, म्हणजे इजिप्तचा, कारकून मला बघताच दोन्ही हात वर करून म्हणायचा, बुकरा. बुकरा म्हणजे उद्या. त्याचा उद्या कधी उजाडला नाही, आणि मीही जायचं सोडलं नाही.

त्याची कॉट मी तशीच ठेवली. इमारतीचा रखवालदार दर आठवड्याला विचारायचा, दुसरा माणूस आणू का. मी म्हणायचो, येतोय तो.

नोव्हेंबरमध्ये स्पर्धा सुरू झाली आणि पहिल्याच गुरुवारी डॉक्टरांनी चौदाव्या जागेला हात घातला. आमच्याच हॉस्पिटलात सांगलीचा एक नवा नर्स आला होता. विद्यापीठाकडून खेळलेला, हरणासारखा पळणारा. त्याला घ्या, असं डॉक्टरांचं म्हणणं. एक तर आपल्याकडे माणसं नाहीत, त्यात एक जागा आपण हवेला देऊन बसलोय. मी भडकलो. म्हटलं, रजेवरच्या माणसाची जागा आपण कधी काढलीय का. डॉक्टर म्हणाले, रजा संपून अडीच महिने झाले, याला रजा म्हणत नाहीत. हे खरं होतं, म्हणूनच मला सहन झालं नाही. मी म्हटलं, त्याचं नाव गेलं तर माझंही काढा.

कप्तान पट्ट्याशी चाळा करत ऐकत होते. शेवटी ते म्हणाले, "तो रजेवर गेलाय, मेला नाय. ऱ्हाऊ दे."

नाव राहिलं. मी जिंकल्याच्या तोऱ्यात घरी आलो आणि फोन करून त्याला सांगितलं. तो हसला. बरं झालं म्हणाला. मला वाटलं, त्याला बरं वाटलं.

पुढे तीन गुरुवार हेच. डॉक्टर विषय काढणार, मी तोंड सोडणार, कप्तान मिटवणार, आणि मी पार्टनरला कळवणार की तुझी जागा शाबूत आहे. एवढी एकच चांगली बातमी मला कुवेतहून देता येत होती. कंपनीकडून काही नाही, इकाम्याचं काही नाही, पण लाँग ऑन तुझंच. तो दर शुक्रवारी दुपारी फोन करून सामन्याचं विचारायचा. त्या फोनसाठी मी आठवडा ढकलत होतो, हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी त्याच्यावर डाफरलो असतो.

चौथ्या शुक्रवारी तेरांतले तिघे गळाले. दोघांना ऐनवेळी ड्युटी लागली आणि डॉक्टरांची मुलगी तापाने फणफणली. उरलो दहा. समोर पनवेलकडच्या पोरांचा संघ, ताजातवाना. तो सांगलीचा नर्स बघायला आला होता. पायात बूट घालून आला होता, हे मी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. नियम नियम होता. त्याला आत घेता येत नव्हतं.

दहा जणांना क्षेत्ररक्षणाला लावायचं म्हणजे कुठेतरी एक भोक राहणार. कप्तानांनी मला खुणेने विचारलं, कुठे ठेवू. मी लाँग ऑनकडे बोट केलं. का, ते मला सांगता येणार नाही. तिथे दुसरं कुणी उभं राहिलेलं मला त्या दिवशी बघवलं नसतं, एवढंच. शेवटच्या षटकात त्यांना पाच हव्या होत्या. त्यांच्या फलंदाजाला डोळे होतेच. त्याने चेंडू सरळ त्या रिकाम्या जागेत उचलला. अगदी आरामात झेलता येईल असा, उंच, आळशी चेंडू. तो वाळूत पडला आणि घरंगळत सीमेबाहेर गेला. बाहेर नर्स उभा होता. त्याने तो उचलला आणि फेकला. एका टप्प्यात माझ्या ग्लोव्हजमध्ये आला. मला रडू आलं. मी हेल्मेट काढलं नाही. पुढच्याच चेंडूला ते जिंकले.

दुपारी आम्ही चौघेपाचजण खैतानला माझ्या खोलीवर जेवत होतो तेव्हा पार्टनरचा व्हिडिओ कॉल आला. हरलो, असं मी सांगितलं. लाँग ऑनला कोण होतं, त्याने नेहमीप्रमाणे विचारलं. मी काही बोलायच्या आत कप्तानांनी फोन माझ्या हातातून घेतला. मन मोठं माणसाचं. म्हणाले, तुझ्या जागी कोणाला उभा केला नाय आम्ही, दहा जण खेळलो, पण तुझी जागा मोकळी ठेवली.

  तो एवढंच म्हणाला, फोन त्याच्याकडे द्या. मी फोन घेऊन गॅलरीत गेलो. तो त्याच्या घराच्या गच्चीवर होता, मागे पाण्याची टाकी दिसत होती. वाळला होता.

त्याने मग जे सांगितलं ते मला इतके महिने कळलं नव्हतं. तालुक्याच्या दवाखान्यात नवं डायलिसिस युनिट निघालं होतं. त्याला बोलावणं आलं होतं, दोनदा. दोन्ही वेळा त्याने पुढची तारीख मागून घेतली होती. कारण त्याचे वडील अख्ख्या गावाला सांगत होते की पोरगा परत जाणार, तिकडे त्याची जागा ठेवलीय. बायकोने बॅग भरून कपाटावर ठेवली होती. मुलगी शाळेत सांगून आली होती. दर गुरुवारी माझा फोन गेला की घरात सगळ्यांचे चेहरे उजळायचे. कसली जागा, हे कुणी विचारत नव्हतं. क्रिकेटच्या संघातली चौदावी, हे सांगायची त्याची छाती होत नव्हती.

"तुमच्यामुळं मला इथं बूड टेकता येईना अन् तिकडं येता येईना," तो म्हणाला. "कप्तान काढणार नाहीत. तू काढ माझं नाव. सोमवारी मला तिथं हजर व्हायचंय."

मी म्हटलं, डिसेंबरपर्यंत मुदत आहे, मी उद्याच पुन्हा त्या ऑफिसात जातो. तो म्हणाला, नको जाऊस. रागावून नाही, समजावल्यासारखं म्हणाला. डायलिसिसला घाबरलेल्या पेशंटशी तो असाच बोलायचा, हे मी हॉस्पिटलात कितीदा ऐकलं होतं. आज पेशंट मी होतो. मग त्याने विचारलं, तो सांगलीचा कसा आहे. मी म्हटलं, त्याचा चेंडू एका टप्प्यात येतो.

"मग झालं की," तो म्हणाला.

फोन ठेवल्यावर मी आत आलो. माझ्या ताटातला भात गार झाला होता. अकरा वर्षं एका खोलीत राहून मी त्या माणसाला एवढंही ओळखलं नव्हतं, या विचाराने नाही, तर आता तो खरंच येणार नाही या साध्या गोष्टीने मला घेरलं. ती कॉट समोर होती. तिच्यावर कॅशियर बसून केळं खात होता. मला त्याला उठवावंसं वाटलं. उठवून करायचं काय होतं, ते माहीत नव्हतं.

पुढच्या गुरुवारी मी यार्डात उशिरा पोचलो. डॉक्टर आले होते. मुलगी बरी होती, पण शाळेला दांडी मारायला मिळाली म्हणून पुन्हा ताप यावा असं इंग्रजीत म्हणत होती म्हणे. कप्तानांनी एकेक नाव घ्यायला सुरुवात केली. अकरा झाले. बारावा कॅशियर. तेरावे डॉक्टर. मग ते थांबले. माझ्याकडे न बघता त्यांनी फोनवर बोट तसंच धरून ठेवलं.

मी सांगलीच्या नर्सचं नाव घेतलं.

त्या सीटवर बसून मी कितीतरी गुरुवार वाद जिंकलो होतो. त्या एका गुरुवारी मला हरायचं होतं. मला वाटत होतं, डॉक्टर आता म्हणतील, अहो, पण आपली रीत. म्हणतील, इकाम्याची मुदत संपेपर्यंत तरी थांबा. माझ्या प्रत्येक शब्दाला फाटे फोडणारा माणूस, या एकाला फोडेलच. मी त्यांच्याकडे बघत राहिलो. डॉक्टर कपात बघत होते. 

कप्तानांनी नाव टाकलं आणि पाठवून दिलं. चहा अजून गरम होता.