‘दार उघड गो’मागचा बाबुली

बाबुली गेला, हे मला फोंडाघाटच्या बाजारात कळलं. जामसंड्याचा एक ओळखीचा माणूस भेटला आणि सहज म्हणाला, "तुमचो गाणावालो गेलो हां..." तेव्हा पंधरवडा उलटून गेला होता. बाबुलीच्या मागे कळवणारं कुणी नव्हतं.

बाबुली परदेशी जाणाऱ्या बोटीवर खलाशी होता. न्यूयॉर्कच्या बंदराजवळ, रस्त्याच्या कोपऱ्यावर त्याने काळ्या वर्णाची पोरं गाताना ऐकली होती. पेटी नाही, तबला नाही. एक जण गायचा आणि बाकीचे तोंडानेच डूम-डूम करत त्याला साथ द्यायचे. बोट सोडून तो कायमचा घरी आला, तेव्हा आम्हा तिघा मित्रांना त्याने ते शिकवलं. माझा आवाज जाड, म्हणून डूम-डूम माझ्याकडे. गाणं मात्र त्याचंच, मालवणीतलं: ‘दार उघड गो, मी इलंय...’ गणपतीत ते पहिल्यांदा म्हटलं आणि बघता बघता किनाऱ्यावर जो तो गुणगुणू लागला. उशिरा घरी आलेला नवरा बायकोची मनधरणी करतोय, अशी सगळ्यांची समजूत. बायका हसत ओरडायच्या, "उघडू नको गो!" बाबुलीही हसायचा.

पुढे मुंबईच्या एका रेकॉर्ड कंपनीचा माणूस आला. त्याची अट एकच, शेवटी बाईच्या आवाजात उत्तर हवं. बाबुलीने साफ नकार दिला. मी चिडलो, तेव्हा जेटीवर बसून त्याने मला सांगितलं. शेवटच्या सफरीवरून परतल्यावर तो खांद्यावर ट्रंक घेऊन अंगणात उभा राहिला होता आणि त्याने हाक मारली होती. तीच ओळ. बायको तापाने जाऊन महिना झाला होता. समुद्रावर त्याला कोण कळवणार?

"आतसून ती बोलाक नाय रे," तो म्हणाला. "मगे गाण्यात कशी बोलतली?"

शेवटी ते गाणं दुसऱ्याच कुणी गायलं, बाईच्या उत्तरासकट, आणि रेकॉर्ड गाजली. सावंतवाडीला एका लग्नात आम्ही दोघांनी ती पहिल्यांदा ऐकली. कर्ण्यातून बाईचा आवाज आला, ‘इलंय, इलंय, कडी काढतंय...’ मला वाटलं, हा आता उठून निघून जाणार. तो उठला, रेकॉर्ड लावणाऱ्याजवळ गेला आणि हळूच म्हणाला, "परत एकदा लाव रे."

त्यानंतर कुठल्याही लग्नात ती रेकॉर्ड लागली, की तो भरल्या पानावरून उठून कर्ण्याखाली जाऊन उभा राहायचा. गेल्या आठवड्यात आमच्या शेजारी लग्न होतं. रेकॉर्ड लागली. मांडवभर माणसं होती, हसत होती... कर्ण्याखाली कुणीच नव्हतं.