मावशीने पारखलेला झूम

मुरबे गावची मावशी कोणतीही वस्तू मासळीसारखी पारखायची. आधी डोळ्यात बघायचं, मग नाकाला लावायचं. बोईसरला आमच्या बिल्डिंगीत ती दारोदार मासे विकायची आणि फार घासाघीस करणाऱ्याला "तू पालेभाजी खा" म्हणून सरळ पाटी उचलायची. मी मूळचा साताऱ्याकडचा, कारखान्यातल्या नोकरीपायी इथे आलेला. बोंबील करायला मला तिनेच शिकवलं.

एकदा एक जण जुनी ऑटोफोकस झूम लेन्स स्वस्तात विकायला आला. इथल्या दमट हवेत भिंगाला बुरशी धरते, म्हणून मी मोबाइलचा उजेड पाडून आत बघत होतो. मावशीने लेन्स माझ्या हातातून काढून घेतली, खिडकीकडे धरली, हुंगली. "डोला सफा हाय. वास नाय. घे." मी घेतली. बुरशी खरंच नव्हती, पण मोटर म्हातारी निघाली. झूम पूर्ण लांबवला की फोकस घर्र घर्र करत पुढेमागे हिंडत बसायचा. तक्रार केली तर मावशी माझ्यावरच उलटली, "मी डोला बघितला. पाय कुटं बघितले?"

तरी त्या लेन्सवर तिचा जीव. तिच्या नवऱ्याच्या, म्हणजे काकांच्या गुडघ्यांनी संप पुकारला, तशी त्यांची मासेमारीची बोट विकायची ठरली. ती दातिवऱ्याला, घेणाऱ्याकडे पोचती करायला ते स्वतःच जाणार होते. "म्हातारा निघंल तवा त्याचा फोटू काढ," मावशी म्हणाली. "बोटीवरचा एक पन नाय घरात. जवल गेलास तर चिडंल. तुजा ह्यो लांबचा जवल आनतो ना?" मी छाती ठोकून हो म्हटलं.

त्या सकाळी किनाऱ्यावर मी मावशीच्या जरा बाजूला, मागे उभा राहिलो. बोट निघाली. काका सुकाणूवर, तोंड समुद्राकडे. लेन्स घरघरली, हिंडली, आणि नेमकी तेव्हाच मावशी पाण्यात पुढे सरकली. फोकस तिच्यावरच बसला. मी सावरेपर्यंत बोट लांब गेली होती.

बोटीबरोबर मावशीची फेरीही संपली. फोटो द्यायला मीच मुरब्याला गेलो. बघून ती रडलीच. "माजा कशाला काढलास? मी तर रोजचीच हाय. बोट गेली ना रे!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काकांनी फोटो घेतला तो खाली ठेवेनात. पाण्यात उभी मावशी, कपाळावर आडवा हात, काहीतरी पुटपुटणारे ओठ. मागे बोट नुसती पुसट.

"बोट मला डोले मिटून पन दिसते," ते म्हणाले. "पन जाताना माजी नेमी पाठ. ही अशी उभी रायते, ते आज समजला."

मावशीने पदराने डोळे पुसले. "मंग काय वाटला तुला? मी घरी जाऊन झोपते?"