उभ्यानं खाल्लेलं

गुडघे दुखतात म्हणून डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितलं आणि एका आहारतज्ज्ञ मुलीकडे पाठवलं. दिवसभरात काय खाता, असं तिनं विचारलं. मी सांगितलं, सकाळी पोहे, दुपारी दोन पोळ्या, भाजी, वाटीभर भात, रात्रीही तेवढंच. तिनं कॅलरींची बेरीज केली आणि जरा गोंधळून माझ्याकडे पाहिलं.

"काकू, एवढ्यानं वजन वाढायला नको. उभ्या उभ्या काही खाता का?"

"छे," म्हणाले खरी, पण घरी येईपर्यंत तेच आठवत राहिलं. मुलाच्या डब्यात परत आलेली पोळी, पातेल्याच्या तळाशी राहिलेला भात, कुणालाच नको असलेली कालची उसळ. अन्न टाकवत नाही, म्हणून ओट्याशी उभी राहून मी ते संपवते आणि भांडी घासायला घेते. त्याला खाणं म्हणतात, हे कधी मनातच आलं नाही. त्याची चवही आठवत नाही. आठवतो तो फक्त कंटाळा.

संध्याकाळी मुलाचा डबा उघडला, तर आजही अर्धी पोळी होती. माझा हात तिकडे गेलेला ओट्याजवळ खुर्चीवर बसलेल्या सासूबाईंनी पाहिला.

"राहू दे ते. मीही जन्मभर हेच केलं," त्या म्हणाल्या. मग ओट्याचा आधार घेत उठल्या आणि त्यांनी माझं ताट घेतलं. "बस तू. किती वाढू?"

मला सांगताच येईना. कितीतरी वर्षं मी उरलेलं किती तेच पाहत आले होते, भूक किती हे नाही.