आतून लावलेलं दार

बाजाराच्या कोपऱ्यावर, जेमतेम दोन माणसं उभी राहतील एवढ्या गाळ्यात त्या कुलपं दुरुस्त करत. वडिलांनी शिकवलेलं काम; नवरा गेल्यावर त्याच कामावर दोन मुली वाढवल्या. आसपासचे सगळे त्यांना चावीमावशी म्हणत. कुलपाशी त्यांचं कधी वाकडं आलं नाही, वाकडं यायचं ते कुलपाच्या मालकांशी. चावी स्वतः हरवायची आणि राग मावशींवर काढायचा, अशी गिऱ्हाइकं त्यांनी पैशाला पासरी पाहिली होती. "बडबडू द्यावं," त्या धाकट्या लेकीला सांगत, "दमला की माणूस आपोआप गप्प होतो."

त्या दुपारी आलेला माणूस मात्र दमणाऱ्यातला दिसेना. वय पंचेचाळीसच्या आसपास, इस्त्रीचा शर्ट घामाने पाठीला चिकटलेला.

"घराची चावी हरवलीय. आत्ताच्या आत्ता चला."

मावशींनी पिशवी उचलली. वाटेत तो सारखा मागे वळून "जरा पाय उचला की" म्हणत होता. तिसऱ्या मजल्यावर, दारासमोर गुडघे टेकून त्यांनी कुलपात तार घातली आणि त्यांचा हात तिथेच थांबला. तार अर्ध्यावर अडत होती. पलीकडून चावी लावलेली होती.

"साहेब, आत कोण आहे?"

"तुम्हाला काय करायचंय? दार उघडा."

"चावी आतून आहे. म्हणजे आत माणूस आहे."

तो नजर चुकवत म्हणाला, "वडील आहेत. त्यांना ऐकू येत नाही."

मावशींनी दार वाजवलं. "काका?"

उत्तर लगेच आलं, अगदी दाराला लागून. "कोण ते? बाई, उघडू नका. हात जोडतो तुम्हाला, उघडू नका."

मावशींनी तार काढली, पिशवीत ठेवली आणि उठल्या.

"हे काय?" तो जिन्याच्या तोंडाशी आडवा उभा राहिला. "घर माझ्या नावावर आहे. कागद दाखवू?"

"नावावर असेल. आत राहतात ते नको म्हणतायत."

"पोलिसांना बोलावतो."

"बोलवा."

शेजारचं दार किलकिलं झालं आणि पुन्हा लागलं. कशाला हे झेंगट गळ्यात, निघावं, असं एकदा मावशींच्या मनात आलंच. पण आपण गेलो तर हा दार तोडणार, हेही दिसत होतं. आणि तेवढ्यात त्याने खरंच खांद्याने दारावर धडक मारली. आत काहीतरी पडून फुटलं. मग काहीच ऐकू येईना.

"काका?" मावशी ओरडल्या. "अहो काका!"

माणसाचं तोंड पांढरंफटक पडलं. त्याने खिशातून गोळ्यांचं पाकीट काढलं. "हृदयाच्या आहेत. परवापासून घेतल्या नाहीत त्यांनी. वृद्धाश्रमाचं नाव काढलं मी, आणि आतून दार लावून बसले."

"मग हे आधी सांगायला काय झालं होतं? माझ्यावर डाफरायला तेवढी सवड होती." मावशींनी पाकीट त्याच्या हातातून घेतलं. "खालच्या मजल्यावर जाऊन थांबा. तुमचा आवाज त्यांना ऐकू येता कामा नये."

तो निमूटपणे गेला. मावशींनी दाराच्या फटीला तोंड लावलं. "काका, मला हे दार दोन मिनिटांत उघडता येतं, तरी मी हत्यारं पिशवीत ठेवली. पण तुम्ही बोलला नाहीत तर मात्र मला उघडावंच लागेल."

त्यांनी फटीला कान लावला. एक, दोन, तीन... वीसपर्यंत मोजलं. हात पिशवीत गेलाच होता.

"पेला फुटला," आतून आवाज आला. "पायाभोवती काचच काच आहे. हलता येत नाही."

"मुलाला खाली पाठवलंय. गोळ्या माझ्याकडे आहेत. उघडू का?"

"उघडा. पण एकट्या या."

त्यांनी तारेने आतली चावी ढकलून पाडली आणि कुलूप फिरवलं. म्हातारा बनियनवर भिंतीला टेकून उभा होता, टाचेतून रक्त येत होतं. काच झाडून मावशींनी त्याला खुर्चीत बसवलं, गोळी आणि पाणी दिलं, पाय फडक्याने बांधला. मुलगा न बोलावता वर आला, पण उंबऱ्याबाहेरच थबकला.

"बाबा, येऊ?"

"चपला काढू नकोस. काच असेल अजून."

दहा मिनिटांत दोघांचं पुन्हा वाजलं. वृद्धाश्रमाचं काहीच ठरलं नाही. पण मुलगा डॉक्टरांना बोलावतो म्हणाला, तेव्हा म्हाताऱ्याने नाही म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी काकांच्याच सांगण्यावरून मावशींनी नवं कुलूप बसवलं. आत चावी असली तरी बाहेरून उघडणारं. एक चावी काकांनी ठेवली, दुसरी शेजारणीला दिली.

"आणि मुलाला?" मावशींनी विचारलं.

"त्याने वाजवावं," काका म्हणाले. "मी उघडीन."