बेंबीमागची दोरी

त्या आषाढात मी रोह्याहून माहेरी, हमरापूरला आले होते. एरवी मी शाळेत शिकवते, पण गणपतीच्या कामाचे दिवस आले की माझे हात स्वस्थ बसत नाहीत. भावाच्या कारखान्यात मूर्ती दाटीवाटीने उभ्या होत्या आणि बाहेर पाऊस धरून होता. मी डोळ्यांची आखणी करत होते. एका मूर्तीचा एक डोळा झाला आणि बेंबीभोवती अशी कळ आली, की मी ब्रश हातात धरूनच खाली बसले.

वाटलं, काहीतरी बाधलं असेल. पण उलट्या थांबेनात आणि दुपारपर्यंत पोट टम्म फुगलं. आईने ओव्याचं पाणी दिलं, तेही राहिलं नाही. तिने माझ्या पोटावर हात ठेवला आणि लगेच उचलला.

"हे साधं नाय गो," ती म्हणाली आणि भावाने गाडी काढली.

पेणच्या रुग्णालयात सर्जनने तपासण्या केल्या आणि विचारलं, "पोटाचं आधी ऑपरेशन?"

"नाही. बाळंतपणंही साधीच."

"आतडं अडकलंय. जुन्या ऑपरेशनमुळे आतडी एकमेकांना चिकटलेली असती तर समजू शकलो असतो. तुमच्या पोटाला तर कोणी हातच लावलेला नाही. उघडून बघायला हवं, आणि आजच."

नवरा रोह्याच्या कंपनीतून शिफ्ट अर्धी टाकून, भिजतच आला. मला आत नेईपर्यंत तो माझ्या पायाचा अंगठा धरून उभा होता.

भुलीच्या औषधाने आधी आवाज विरले. मग मी कोमट पाण्यात होते आणि पाणी मला हलके हलके झुलवत होतं. वर कुठूनतरी उजेड झिरपत होता आणि पलीकडे कोणीतरी बोलत होतं, शब्द मात्र कळत नव्हते. भीती अजिबात वाटत नव्हती. तिथेच राहावं, असं वाटत होतं.

जाग आल्यावर सर्जनने सगळं नीट सांगितलं. आईच्या पोटात अगदी सुरुवातीला बाळाच्या आतड्यापासून बेंबीकडे एक बारीक नळी जाते. जन्माच्या खूप आधी ती विरून जाते. माझी पुरती विरली नव्हती. लहान आतड्यावर बोटभर पिशवी राहिली होती आणि तिच्यापासून बेंबीपर्यंत दोरीसारखा धागा ताणलेला होता. त्या दोरीभोवती आतड्याने पीळ घेतला होता. त्यांनी दोरी कापली, पिशवीसकट आतड्याचा तेवढा तुकडा काढला आणि टोकं जोडली.

"इतकी वर्षं कसं काही झालं नाही?" नवऱ्याने विचारलं.

"बहुतेकांना आयुष्यभर कळतही नाही. मोठेपणी असा त्रास होणं विरळाच."

आई दाराशी उभी होती. "डॉक्टर, माझंच काय चुकलं का? ही पोटात असताना मी मिठागरात उन्हातान्हात राबायची."

"नाही आजी, कोणाचंच चुकलेलं नाही. काहींचं तसं राहून जातं."

आई पदर तोंडाला लावून रडली. सर्जनचं बोलणं ऐकल्यापासून त्या प्रश्नाची धास्ती ती एकटीच बाळगून होती, हे मला तेव्हा कळलं.

पुढचे दिवस मला धुक्यातून पाहिल्यासारखे आठवतात. मी झोपेच्या काठावर असायचे आणि आई उशाशी बसून मी पोटात असतानाचे महिने सांगायची. खाडीवरचा वारा, पांढऱ्या मिठाचे ढीग, डोळे दिपवणारं ऊन. "तू तेव्हा लय हलायचीस. मी कुदळ टाकून बसायची, मग गप व्हायचीस." ऐकता ऐकता मी पुन्हा त्या कोमट पाण्यात उतरायचे. दोरी तेव्हाही माझ्यात होती. शाळेत, बोहल्यावर, दोन्ही बाळंतपणांत होती. मला तिचा राग काही आला नाही.

सगळ्यांचं लक्ष मात्र एकाच गोष्टीकडे लागलेलं होतं, आतडं पुन्हा कामाला लागलं का. नर्स रोज विचारायची, "गॅस सरला का?" एका सकाळी सरला, तर आईने व्हरांड्यात जाऊन ती बातमी शेजारच्या पेशंटच्या नातेवाइकांनाही सांगितली. त्या दिवशी मला पाणी मिळालं, मग पातळ पेज. तांदळाला इतकी गोडी असते, हे मला ठाऊक नव्हतं.

रोह्याला परतताना नवऱ्याने वाटेत खांब गावाला चहासाठी गाडी थांबवली. टपरीवर गरम भजी तळली जात होती. मी त्याच्याकडे बघितलं.

"नाय हां," तो म्हणाला, "इतक्यात नाय." आणि स्वतः एक भजं तोंडात टाकून बसला.

टाक्यांवर हात दाबून मी हसले. दुखलं, तरी हसू आवरेना.