नवऱ्याच्या कमरेचा कासरा

मी मुळातच भित्री. गॅस पेटवतानासुद्धा मान मागं घेऊन पेटवते. आणि नशिबानं नवरा मिळाला तो झाडं पाडणारा. भूम तालुक्यात कुणाच्या घरावर झुकलेलं, विहिरीवर कललेलं, विजेच्या तारेत घुसलेलं झाड असलं की त्याला फोन येतो. सरळ झाडं कुणीही पाडतं, वाकडी तेवढी याच्या वाट्याला. पेट्रोलवर चालणारं करवतीचं मशीन, ज्याला आमच्याकडं सगळे नुसतं कटर म्हणतात, ते पोत्यात गुंडाळून मोटारसायकलवर आम्हा दोघांच्या मधे ठेवलेलं असायचं. कारण त्याच्या मागं मीही जायची.

त्याचं असं झालं. त्याच्या हाताखालचा माणूस पुण्याला कंपनीत लागला आणि हा एकटाच कामाला जाऊ लागला. एकदा दुपारी मी शेतात भाकरी घेऊन गेले, तर हा एका जुन्या बाभळीच्या बुडाशी वाकलेला. कटर चालू असला की त्याला जगाचं काही ऐकू येत नाही, त्यात कानात कापसाचे बोळे. वरची एक वाळकी फांदी सुटलेली मला दिसली. मी घसा फाटेपर्यंत ओरडले. फांदी त्याच्यापासून हातभरावर येऊन पडली, जमिनीत रुतली. त्यानं फांदीकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं, कालवण काय आणलंय. मी भाकरी तिथंच ठेवली आणि घरी येऊन मनसोक्त रडले.

दुसऱ्या दिवशी मी खुंटीवरचा कासरा काढला. बैल आम्ही कधीच विकले होते, कासरा तेवढा राहिला होता. त्याचं एक टोक नवऱ्याच्या कमरेला पाठीमागून बांधायचं, दुसरं माझ्या हातात. एक झटका दिला की वर बघायचं. दोन झटके दिले की हातातलं काम टाकून माझ्याकडं पळत यायचं. गाठ मात्र एका ओढीत सुटणारी हवी, दोर कुठं अडकला तर तोच जिवावर बेतेल, हे त्यानंच बजावलं. मागची वाट आधी साफ करून ठेवायची, काटे, दगड, फांद्या काही ठेवायचं नाही, हेही त्याचंच. मग त्यानं खाली बघायचं आणि मी वर.

त्यामुळं मला झाडं शेंड्याकडून कळतात. ज्या बाजूला पाडायचं तिकडं आधी खाच घ्यायची, मग मागून कापत यायचं आणि मधे थोडं लाकूड सोडायचं. दाराला बिजागरी असते तसं ते लाकूड झाडाला वळवून खाली आणतं. हे सगळं तो करायचा. मला दिसायचा तो शेंडा. खोड कडकडायच्या आधी शेंडा थरथरतो, ते थरथरणं आणि वाऱ्याचं हलणं यातला फरक ओळखायला शिकले. पण शिकल्यानं भीती कमी झाली नाही. एकदा वरून नुसता होला उडाला आणि मी दोन झटके दिले. हा जीव घेऊन पळत आला. मग दिवसभर माझ्याशी बोलला नाही.

लोक हसायचे. कुणी म्हणायचं, वहिनी, औत कुठं धरायचंय. हाही त्यांच्यात हसायचा. मला मात्र हसू यायचं नाही, मान वर करून करून माझी मानगूट दुखायची. याला भीती कशी ती वाटतच नाही, असं मला वाटायचं आणि त्याचा रागही यायचा. दोघांची भीती मी एकटीनंच भ्यायची, हा कुठला न्याय.

मागच्या उन्हाळ्यात माझ्या धाकट्या भावाचा फोन आला. परंड्याच्या अलीकडं माझं माहेर. तिथं अंगणाच्या कडेला एक जुनी चिंच होती. भावानं पाइपलाइनसाठी चारी खणली, त्यात चिंचेची एका बाजूची मुळं तुटली. मग वळवाचं वादळ झालं आणि चिंच कलली. पडली असती तर एकवेळ बरं. ती शेजारच्या कडुलिंबाच्या बेचक्यात जाऊन अडकली आणि अर्धवट लटकून राहिली. लिंबाच्या खाली भावाचा नवा गोठा, याच वर्षी नवे पत्रे घातलेला. भाऊ म्हणाला, दाजींनाच घेऊन ये, घरात असा माणूस असताना बाहेरचा बोलावला तर लोक काय म्हणतील.

अडकलेलं झाड म्हणजे काय हे मला माहीत होतं. ते कुठल्या बाजूला येईल ते कुणालाच सांगता येत नाही. मी नवऱ्याला म्हटलं, नको जायला, काहीतरी कारण सांगू. तो म्हणाला, तुझंच माहेर आहे.

आम्ही आदल्या दिवशी गेलो. कोंबडं कापलं, जावयाचा मान झाला. संध्याकाळी नवरा चिंचेभोवती पुन्हा पुन्हा फिरला, आणि मग त्यानं भावाला आणि अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सगळं समजावून सांगितलं. ट्रॅक्टर लावून लांबून ओढलं तर माणसाला धोका नाही, पण चिंच लिंबातून सुटून सरळ गोठ्यावर जाणार. गोठा वाचवायचा तर एकच रस्ता. चिंचेच्या बुडातून खोडाचे तुकडे काढत जायचं. एक तुकडा निघाला की झाड तेवढं खाली बसतं आणि थोडं उभं होतं. पुरतं उभं झालं की मोकळ्या अंगाला पाडायचं. पण तुकडे काढणाऱ्याला सगळा वेळ झाडाखाली राहावं लागतं. भाऊ लगेच म्हणाला, तसंच करा दाजी, तुमचा हात बसलाय. अण्णांनी पान लावायला घेतलं. मला त्या रात्रीचं जेवण गोड लागलं नाही.

सकाळी गोठ्यातल्या गाई सोडून लांब नेऊन बांधल्या. बांधावर भावकी जमली, चहा फिरला, मांडी घालून माणसं बसली. नवरा तांब्याभर पाणी प्याला, त्यानं पुन्हा मागितलं. मी कासरा त्याच्या कमरेला बांधला. तेवढ्यात शेजारचे एक म्हातारे मोठ्यानं म्हणाले,

"पाव्हणं, दावणीची जनावरं सोडली अन् तुमालाच बांधलं व्हय?"

सगळा बांध हसला. भाऊ हसला. अण्णांनीही खाली मान घालून हसून घेतलं. नवराही हसला, पण त्याचे कान लाल झालेले मला दिसले. दुसऱ्या गावात तो कुणाचंही हसणं अंगाला लावून घ्यायचा नाही. इथं तो जावई होता.

पहिला तुकडा निघाला. चिंच धाडकन खाली बसली, जमीन हादरली. लिंबाचं बेचकं करकरलं पण धरून राहिलं. नवरा थोडा मागं झाला, त्यानं वाकून मशीनमध्ये पेट्रोल घातलं आणि दुसऱ्या तुकड्याला गेला. मी त्याच्याकडं बघतच नव्हते. माझे डोळे त्या बेचक्यावर चिकटलेले. बघता बघता बेचक्याच्या सांध्यात साल फाटली आणि आतलं पांढरं लाकूड दिसायला लागलं. आधी बोटाएवढं, मग वितीएवढं.

मी दोन झटके दिले. कासरा हलका आला. दुसरं टोक धुळीतून सरपटत माझ्या पायाशी आलं, गाठ सुटलेली. पेट्रोल घालताना त्यानं ती सोडली होती आणि टोक खाली टाकून दिलं होतं. चारचौघांत, सासऱ्याच्या दारात, बायकोनं बांधलेलं त्याला नको झालं होतं.

मी ओरडले, त्याचा काय उपयोग. आत पळत जावं तर पाय उचलेनात. खाली उन्हानं वाळलेलं ढेकूळ होतं ते उचललं आणि त्याच्यावर फेकलं. चुकलं. दुसरं उचललं, मोठं, आणि सगळा जोर लावून मारलं. ते बरोबर त्याच्या पाठीत बसलं. तो गर्रकन वळला. असा संताप मी त्याच्या तोंडावर कधी पाहिला नव्हता. माझ्या माहेरात, माझ्या माणसांदेखत मी त्याला ढेकळानं मारलं होतं. तो मशीन हातात तसंच धरून, काहीतरी बोलत माझ्याकडं चालून आला. मला शब्द ऐकू येत नव्हते. मी मागं सरकत गेले, म्हणजे तो आणखी पुढं येईल.

मग लिंबाचा फांदा मोडला. माझ्या कमरेएवढा जाड. नवरा जिथं वाकून कापत होता तिथंच तो पडला, आणि चिंच घसरून उरलेल्या फांद्यावर आणखी खाली लटकली.

धूळ बसली तेव्हा मशीन बंद होतं आणि बांधावरची माणसं उठून उभी राहिली होती. मग कुणीतरी म्हणालं, आई भवानीनं वाचवलं. मला भयंकर राग आला. ढेकूळ भवानीनं मारलं नव्हतं. पण भांडत न बसता मी पाण्याचा तांब्या भरून घेतला.

नवरा कडब्याच्या गंजीच्या सावलीत जाऊन बसला. मी पाणी दिलं, ते त्यानं अर्धं डोक्यावर ओतून घेतलं. मी विचारलं, का सोडलीत गाठ. तो म्हणाला, सगळे हसत होते. मी म्हटलं, मरणाचंसुद्धा भय नाही का तुम्हाला.

"भ्या रोज वाटतं," तो म्हणाला. "सकाळी घास उतरत न्हाय. पर तू मागं हायेस, वर बघतीस, म्हणून शिरतो. तू नसतीस तर असली झाडं म्या घेतलीच नसती."

त्यानं हे माझ्या कौतुकानं सांगितलं. मी मात्र ऐकून गार पडले. एकेक आठवायला लागलं. मी जायला लागण्याआधी तो कितीतरी झाडांना नाही म्हणायचा. विहिरीवरच्या वडाला नाही म्हणाला होता, देवळामागच्या पोकळ पिंपळाला नाही म्हणाला होता. मी कासरा धरला आणि त्याचं नाही म्हणणं संपलं. मला वाटत होतं मी त्याला मागं ओढतेय, आणि मी तर त्याला आत ढकलत होते. त्या फांद्यानं मी जेवढी घाबरले नव्हते तेवढी या बोलण्यानं घाबरले.

चहा झाला. माणसं पुन्हा मांडी घालून बसली. आता सगळे माझ्याच बाजूचे. तेच म्हातारे म्हणाले, पोरगी हुशार आहे, तिच्याच हातात दोर राहू द्या. भाऊ म्हणाला, दाजी, आता थोडंच राहिलंय, गोठा वाचला म्हणा. नवरा उठला. यावेळी त्यानं कासरा स्वतःच उचलला, सगळ्यांसमोर कमरेला बांधला, गाठ दोनदा ओढून बघितली आणि टोक माझ्यापुढं धरलं.

"म्या धरणार न्हाय," मी म्हणाले.

भावाला वाटलं मी रुसलेय. तो समजूत घालायला लागला. मी त्याला सांगितलं, ट्रॅक्टर लाव आणि लांबून ओढ.

"अक्का, गोठ्यावर येईल ती."

"येऊ दे."

तो माझ्याकडं बघतच राहिला. त्यानं अण्णांकडं पाहिलं, अण्णांनी दुसरीकडं. मग नवऱ्याकडं पाहिलं. नवरा टोक हातात धरून उभा होता आणि मी हात पाठीमागं घेतले होते. मला वाटलं, आता हा जाणार. एकट्यानं जाणार, मान राखायला. सासर, माहेर, गाव, सगळं विसरून मी मनात नुसतं नको, नको म्हणत होते. त्यानं माझ्याकडं बघितलं. मग गाठ सोडली आणि भावाला म्हणाला, ट्रॅक्टर आणा.

चिंच त्यानं सांगितलं होतं तशीच गेली. लिंबातून सुटली, वळली आणि गोठ्यावर बसली. पत्रे कागदासारखे दुमडले, लोखंडी खांब आडवे झाले, गव्हाण फुटली. भाऊ त्या पत्र्यांसमोर उभा राहिला आणि मला एवढंच म्हणाला, हे घर कधी तुझं नव्हतंच, असं समज आता. आम्ही जेवायला थांबलो नाही, आणि कुणी थांबवलंही नाही.

त्यानंतर मी कधी कामावर गेले नाही. नवरा आता सरळ झाडं घेतो. वाकड्या झाडाचा फोन आला की बेधडक सांगतो, बायको येत न्हाय, मला जमणार न्हाय. ऐकणारे हसत असणार, हसू देत. माझी भीती अजून आहेच, सरळ झाडही झाडच असतं.

नागपंचमीला गल्लीतल्या सगळ्याजणींचे भाऊ माहेरी न्यायला आले. मी पिशवी भरली नव्हती, पण कान रस्त्याकडंच होते. उन्हं कलल्यावर दारात मोटारसायकल थांबली तशी मी हातातलं पीठ तसंच टाकून धावले. भाऊ नव्हता. नवरा होता, लाकडाच्या भुशानं माखलेला, कामावरून आलेला. मला भावासाठी रडू आलं आणि हा धडधाकट उतरला म्हणूनही रडू आलं, दोन्ही एकाच वेळी. तो दारातच उभा राहिला, आणि मी पिठाच्या हातानंच त्याला चाचपून पाहिलं, दोन्ही दंड, पाठ, डोकं.