तात्यांच्या मशीनवरची यादी
मळीचा आंबूस वास आला की अजूनही मी आधी मागं वळून पाहतो. इंदापूरकडच्या एका साखर कारखान्यात मी कॉम्प्युटरवर होतो. उसाच्या लागणीच्या तारखेवर ऊसतोडीची पाळी ठरायची, आधी लावला त्याचा आधी तुटायचा, आणि त्या नोंदी फक्त आमच्या सीनियर तात्यांच्या लॉगिनमधून उघडायच्या. एका दुपारी तात्या जेवायला उठले, मशीन उघडंच होतं. मी बसलो आणि अंथुर्णे गावच्या माझ्या मेव्हण्याच्या उसाची तारीख महिनाभर आधीची केली. आपण नुकतेच कुठल्या कुठल्या फोल्डरात किती वाजता जाऊन आलो, याची यादी ते मशीन ठेवायचं. एका कमांडनं ती पुसता येते. घाईत मी विसरलो. चारला तोडणीचा कार्यक्रम लागला आणि पाळी मागं गेलेल्या एका शेतकऱ्यानं आरडाओरडा केला. आमच्या ऑफिसच्या साहेबांनी मशीनमधली ती यादी काढली, तर वरच लागण नोंदीचा फोल्डर, वेळ जेवणाच्या सुट्टीची. “तात्या, आज हितं कशाला शिरला हुता?” “मी न्हाय साहेब, मी जेवत हुतो.” साहेब माझ्याकडं वळले. मी म्हणालो, “तात्या आज उशिरा गेलं जेवाय.” तात्यांची वजनकाट्यावर बदली झाली. डबा उचलताना ते माझ्यापाशी थांबले. “यादी पुसायला शिकवली हुती की रं तुला,” एवढंच हळू बोलले. साहेबांना मात्र काही सांगितलं नाही. हंगामभर ते काट्यावरनं रामराम घालायचे आणि मी त्यातही डाव शोधायचो. आज पन्नाशीत लिहितोय: डाव नव्हता. तारीख मी बदलली होती.